बधिर पावलांसाठी सूक्ष्मकोशी फोम: सोलापूरच्या कार्यशाळेतील प्रकल्प नोंदी

6 जानेवारी 2025

प्रकल्पाचे उद्दिष्ट आज निश्चित झाले. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने ज्यांच्या तळपायांची संवेदना गेली आहे, अशा रुग्णांच्या चपलेत बसवायचा मऊ तळ आपल्याकडे आजही मुख्यतः एमसीआरचा, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराचा असतो. या पदार्थामागे मोठे काम उभे आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की कुष्ठरुग्णांची पावले रोगाने आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नसल्यामुळे एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब पडत राहतो, तिथे जखम होते आणि ती चिघळत जाते. तो दाब पसरवणारा तळ मिळाला तर पाय वाचतो. राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमातून दिल्या जाणाऱ्या चपलांमध्ये साधारण 15 शोअर कठिणतेचे (या मापात आकडा जितका लहान तितका पदार्थ मऊ) एमसीआर वापरले जाते, ते याच विचाराने.

अडचण एमसीआरच्या आयुष्याची आहे. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांच्या शेडमध्ये आम्ही काम करणार आहोत, ते काका गेली अनेक वर्षे अशा चपला बांधतात. त्यांचे म्हणणे असे की टाच आणि अंगठ्यामागचा उंचवटा या दोन जागी तळ काही महिन्यांत चपटा होतो, आणि रुग्णाला संवेदना नसल्यामुळे ते त्याला कळतच नाही. दुसरी गोष्ट वासाची. रबरात फुगवणारे द्रव्य म्हणून बहुधा डीएनपीटी घालतात. साच्यात तापल्यावर त्याचे विघटन होऊन नायट्रोजन सुटतो आणि रबर फुगते, परंतु विघटनाचे उरलेले अंश रबरातच राहतात. केवळ वायू वापरून, कोणतेही रासायनिक फुगवणी द्रव्य न घालता, तितकाच मऊ पण दाबातून परत उठणारा फोम या शेडमध्ये करता येईल का, हा आमचा प्रश्न आहे.

9 जानेवारी

मोजमापाची भाषा आधी पक्की केली. सूक्ष्मकोशी फोम म्हणताना कोशांचा, म्हणजे आतल्या बारीक पोकळ्यांचा, व्यास साधारण 100 मायक्रोमीटरच्या आत, शक्यतो 10 च्या आसपास, आणि मूळ घन पदार्थाच्या प्रत्येक घन सेंटिमीटरमागे कोशांची संख्या एक अब्जाच्या घरात अपेक्षित असते. हिशेब करून पाहिला. एका घन सेंटिमीटर प्लास्टिकमध्ये 10 मायक्रोमीटर व्यासाचे एक अब्ज कोश झाले, तर एकूण पोकळी सुमारे अर्धा घन सेंटिमीटर होते आणि फोमची घनता मूळच्या दोन तृतीयांशावर येते. तेवढीच पोकळी 100 मायक्रोमीटरच्या कोशांनी करायची तर दहा लाख कोश पुरतात. वजन दोन्हींचे सारखेच, वागणूक मात्र सारखी नाही. कोणत्याही प्लास्टिकमध्ये मुळातच बारीक दोष असतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. कोश त्या दोषांपेक्षा लहान असतील तर ताकदीचे फारसे नुकसान होत नाही.

हाच विचार या सगळ्या विषयाचे मूळ आहे. 1980 च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये प्रा. नाम सू यांच्याकडे ईस्टमन कोडॅक कंपनीची गरज आली होती: प्लास्टिकच्या वस्तूंमधले प्लास्टिक कमी करायचे, पण वस्तूचा आकार आणि कणखरपणा टिकवायचा. त्यांची विद्यार्थिनी जेन मार्टिनी हिने पॉलिस्टायरिनमध्ये दाबाखाली वायू विरघळवून असा फोम करून दाखवला. त्याचे अमेरिकी पेटंट 1984 चे आहे.

17 जानेवारी

सिद्धेश्वर यात्रेमुळे मधले काही दिवस फॅब्रिकेटरचे काम बंद होते. दाबपात्र आज शेडमध्ये आले. स्टेनलेस स्टीलचे, जाड भिंतीचे, नियोजित दाबाच्या दीडपट दाबाने पाण्याची चाचणी दिलेले. फुटचकती (दाब मर्यादेबाहेर गेला की फुटून वायूला वाट देणारी पातळ चकती) आणि सुरक्षा झडप दोन्ही बसवल्या आहेत आणि त्यांची तोंडे नळीने शेडबाहेर काढली आहेत.

सुरक्षेबाबत एक नोंद इथे मुद्दाम करतो, कारण शेडमध्ये काम करणाऱ्या मुलांना ती वाचायला लावणार आहोत. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड आहे, तो जमिनीलगत साचतो, आणि आठ तासांच्या कामासाठी हवेतले त्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत असले पाहिजे. पात्र रिकामे करताना दोन्ही शटर उघडी ठेवायची आणि खाली वाकून काम करायचे नाही. याला अपवाद नाही.

24 जानेवारी

पहिला पदार्थ म्हणून साधे पारदर्शक पॉलिस्टायरिन निवडले. तळासाठी ते निरुपयोगी आहे; परंतु त्याची वागणूक पुस्तकात शिकवावी इतकी स्वच्छ आहे. एक मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या 50 बार दाबाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन दिवस ठेवल्या. बाहेर काढून ताबडतोब तोलल्या तेव्हा वजन सुमारे 7 टक्क्यांनी वाढलेले होते. दिसायला काहीही बदल नव्हता. पट्टी पूर्वीसारखीच पारदर्शक, पूर्वीसारखीच कडक.

मग ती 80 अंशांच्या पाण्यात सोडली. काही क्षणांत ती दुधासारखी पांढरी झाली आणि फुगली. वायू न भरलेली पट्टी त्याच पाण्यात शेजारी तळाशी पडून होती, तिला काहीही झाले नाही, कारण शुद्ध पॉलिस्टायरिनचे काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या वर ते कडकपणा सोडून मऊ होते ते तापमान, सुमारे 100 अंश आहे. विरघळलेला वायू साखळ्यांच्या मध्ये शिरून त्यांना सैल करतो आणि ते तापमान निम्म्याच्या आसपास खाली आणतो. म्हणजे जो वायू पुढे कोश तयार करणार आहे, तोच आधी पदार्थाला मऊही करतो. रंग बदलण्याचे कारणही कोशच आहेत: प्रत्येक कोशाच्या भिंतीवर प्रकाश विखुरतो आणि कोश अब्जावधी असल्यामुळे आरपार काही जात नाही. याच गुणाचा उपयोग करून जपानच्या फुरुकावा इलेक्ट्रिक कंपनीने पीईटीचे सूक्ष्मकोशी तक्ते बनवले आहेत, जे दिव्यांच्या मागे परावर्तक म्हणून बसवतात आणि पडलेला जवळजवळ सगळा प्रकाश परत पाठवतात.

15 फेब्रुवारी

पाण्याचे तापमान आणि वायूचा दाब बदलून पट्ट्यांचा संच पूर्ण झाला. द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून मोडलेले तुकडे शहरातल्या एका महाविद्यालयाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. निष्कर्ष आमच्या कामासाठी निर्णायक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कोशाचा जन्म आणि कोशाची वाढ या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि दोन्हींना लागणारा वायू एकाच साठ्यातून येतो. जन्मासाठी एक अडथळा ओलांडावा लागतो. अभिजात सिद्धांतानुसार तो पृष्ठताणाच्या घनाच्या समप्रमाणात आणि दाबफरकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. विरघळलेला वायू जास्त असेल तर दाबफरक वाढतो आणि पृष्ठताणही उतरतो. अडथळा दोन्ही बाजूंनी खाली येतो आणि कोशांची संख्या काही पटींनी नव्हे, काही दशपटींनी वाढते. 30 बारच्या पट्टीत मोजके मोठे कोश होते. 55 बारच्या पट्टीत ते इतके दाट होते की भिंती शोधाव्या लागत होत्या. तापमान वाढवले की मुख्यतः वाढ जोर धरते: पदार्थ जास्त मऊ, भिंती पातळ, कोश मोठे, घनता कमी. फार तापवले तर भिंती फुटून शेजारचे कोश एकमेकांत मिसळतात आणि वायू निसटून पट्टी पुन्हा बसते.

यावरून आमचे मत असे झाले की फोम कसा होणार हे गरम पाण्यात नव्हे, त्याआधीच्या थंड, कंटाळवाण्या संपृक्ततेच्या काळात ठरते. नंतरची उष्णता जे ठरून गेले आहे ते फक्त उघड करते. कारखान्यातल्या इंजेक्शन मोल्डिंगमध्येही तत्त्व हेच आहे, केवळ वेळेचे प्रमाण बदलते. तिथे नायट्रोजन अतिक्रांतिक अवस्थेत (जिथे द्रव आणि वायू हा भेद उरत नाही) वितळलेल्या प्लास्टिकमध्ये थेट बॅरलमध्येच सोडतात, स्क्रू फिरवून त्याचे एकजीव द्रावण करतात आणि ते दाबाखाली धरून ठेवतात. साच्यात वेगाने सोडल्याबरोबर दाब एकदम उतरतो आणि सगळे कोश एकाच वेळी जन्मतात. एमआयटीकडून परवाना घेऊन ट्रेक्सेल कंपनीने ही पद्धत म्यूसेल या नावाने बाजारात आणली. मोटारींच्या डॅशबोर्डचे सांगाडे, वातानुकूलनाच्या पेट्या, दारांची आतली अस्तरे अशा भागांत ती वापरतात. वजन काही टक्क्यांनी घटते. पण साचेकाम करणाऱ्यांना तिचा खरा फायदा वाटतो तो वेगळाच: साचा आतूनच कोशांच्या दाबाने भरत असल्यामुळे वस्तूला खड्डे पडत नाहीत, ती वाकडी होत नाही आणि साचा मिटून धरायला लागणारे बल कमी होते. पृष्ठभागावर वायूचे रेघाटे उमटतात, त्यामुळे दर्शनी भागांसाठी तिला मर्यादा येतात.

8 मार्च

पॉलिस्टायरिन बाजूला ठेवून टीपीयूकडे वळलो. हे लवचीक पॉलियुरेथेन आहे. दाबले की दबते आणि सोडले की उठते. 85 शोअर कठिणतेच्या दाण्यांपासून दोन मिलिमीटर जाडीचे तक्ते दाबून घेतले, वायू भरला, गरम पाण्यात फुगवले. पाण्यातून काढताना फोम सुंदर होता: हलका, एकसारखा, बोटाखाली रेशमी. तासाभरात तो आकसला, आणि पृष्ठभागावर सुरकुत्या आल्या.

कारण स्पष्ट आहे. टीपीयूमधून कार्बन डायऑक्साइड हवेतल्या नायट्रोजनपेक्षा कित्येक पट वेगाने झिरपतो. कोशातला वायू बाहेर पडतो तेव्हा त्याच्या जागी हवा तेवढ्या वेगाने आत येत नाही. कोशात दाब वातावरणाच्या खाली जातो आणि मऊ भिंती आत ओढल्या जातात. पॉलिस्टायरिनमध्येही हेच घडते, पण त्याच्या भिंती थंड झाल्यावर कडक होत असल्याने आकार टिकतो. जो लवचीकपणा आम्हाला तळासाठी हवा आहे, तोच इथे आड येतो. पुढच्या काही दिवसांत हवा हळूहळू आत शिरली तसे तक्ते काही प्रमाणात परत फुगले, मात्र पूर्वपदावर आले नाहीत.

22 मार्च

आकसण्यावर उपाय म्हणून वायूंचे मिश्रण वापरले. आधी 50 बारपर्यंत कार्बन डायऑक्साइड, नंतर त्याच पात्रात 80 बारपर्यंत नायट्रोजन. नायट्रोजन टीपीयूमध्ये फारच कमी विरघळतो, त्यामुळे एकट्याने या दाबाला तो फोम हलका करू शकत नाही. परंतु जो विरघळतो तो सावकाश बाहेर पडतो आणि कोशाला आतून आधार देत राहतो. मऊ करणे आणि फुगवणे हे काम एका वायूचे, टिकवून धरणे दुसऱ्याचे, अशी ही वाटणी आहे. आकसणे थांबले नाही, पण बरेच कमी झाले आणि सुरकुत्या गेल्या. यापुढचे सगळे काम मिश्रणानेच करायचे ठरले.

12 एप्रिल

सोलापूरचा उन्हाळा या प्रकल्पात स्वतंत्र घटक म्हणून उतरला आहे. दुपारी शेडमध्ये पारा 42 अंशांवर जातो. कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही ते तापमान, 31.1 अंश आणि क्रांतिक दाब 73.8 बार आहे. जानेवारीतल्या थंड सकाळी सिलिंडरमध्ये खाली द्रव आणि वर वायू अशी स्थिती असते आणि 20 अंशांना दाब 57 बारच्या आसपास असतो. एप्रिलच्या दुपारी त्याच सिलिंडरमध्ये द्रव असा उरतच नाही. पूर्ण भरलेल्या सिलिंडरचा दाब 40 अंशांना शंभर बारच्या पुढे जातो. सिलिंडर म्हणून उत्तरेकडच्या सावलीच्या भिंतीला, साखळीने बांधून, हलवले.

त्याहून महत्त्वाचा परिणाम तक्त्यात मुरणाऱ्या वायूवर होतो. दाब तोच ठेवला तरी तापमान वाढले की विद्राव्यता कमी होते. विसरण, म्हणजे वायूचे आत पसरणे, मात्र वेगाने होते. म्हणजे पात्र लवकर संपृक्त होते, पण कमी वायूवर, आणि 15 फेब्रुवारीच्या नोंदीप्रमाणे कमी वायू म्हणजे कमी आणि मोठे कोश. हिवाळ्यात मिळालेला फोम आणि आत्ताचा फोम एकाच नावाने रुग्णाला देता येणार नाही. पात्राभोवती पाण्याची टाकी बसवली. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, म्हणून वाहते पाणी सोडण्याऐवजी तेच पाणी पंपाने फिरवायचे, रात्री उघड्यावर थंड होऊ द्यायचे आणि संपृक्ततेचा मोठा भाग रात्रीच उरकायचा. टाकीचे तापमान आता दिवसभरात फार हलत नाही.

28 एप्रिल

जाडीचा प्रश्न टाळून चालणार नव्हते. चपलेतला तळ आठ ते दहा मिलिमीटर जाड लागतो. वायू मुरायला लागणारा काळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक मिलिमीटरला जितका वेळ लागतो त्याच्या शंभरपट दहा मिलिमीटरला. असा तक्ता पात्रात आठवडेच्या आठवडे पडून राहील, आणि बाहेर काढल्यावर फुगेपर्यंत त्याच्या कडांतून वायू निघून गेलेला असेल. पातळ तक्ते फुगवून एकावर एक चिकटवणे शक्य आहे, पण चिकटवलेला प्रत्येक थर कडक असतो आणि घाम व उष्णता यांत तो सुटतो, असे काकांनी जुने तळ सोलून दाखवले.

तक्त्याऐवजी दाणेच वापरले तर? दाण्याचा व्यास साडेतीन मिलिमीटर धरला आणि त्यात वायू सर्व बाजूंनी शिरतो हे लक्षात घेतले, तर दहा मिलिमीटरच्या तक्त्याच्या तुलनेत वेळ सुमारे तीसपट कमी लागतो. आठवड्यांचे काम एका रात्रीवर येते, आणि रात्रच आम्हाला सोयीची आहे. फुगवलेले दाणे नंतर साच्यात भरून वाफेने एकमेकांना जोडायचे. ही कल्पना आमची नाही: बीएएसएफने फुगवलेल्या टीपीयूचे दाणे बनवले आणि आदिदासने 2013 मध्ये त्यांचे तळ असलेले धावण्याचे बूट बाजारात आणले. तिथे खेळाडूच्या पायाला उसळी द्यायची होती. आमच्या रुग्णाला उसळी नको, दाब पसरायला हवा. तरी दाबातून पुन्हा उठण्याची क्षमता दोघांनाही लागते.

17 मे

वाफ कुठून आणायची, याचे उत्तर सोलापुरात शोधावे लागत नाही. टॉवेल आणि चादरींच्या सुतावर प्रक्रिया करणाऱ्या डाइंग हाउसमध्ये बॉयलर असतोच. शेजारच्या गाळ्यातील मालकांनी दुपारच्या पाळीनंतर वाफेची एक लाइन वापरू दिली. ॲल्युमिनियमच्या दोन तुकड्यांचा साचा, दोन्ही बाजूंना बारीक छिद्रे, एका बाजूने वाफ आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, मग दिशा उलट. 2 बार गेज दाबाची वाफ सुमारे 133 अंशांची असते, 3 बारची 143. कमी दाबाला दाणे नुसते शेजारी बसले, हाताने सुटे झाले. जास्त दाबाला बाहेरचे दाणे वितळून कातडीसारखा थर झाला आणि आतले कोश बसले. या दोहोंच्या मधली अरुंद पट्टी सापडली, आणि तिथे तुकडा फाडला असता तो दाण्यांच्या सांध्यावर न फाटता दाण्यातून फाटतो. जोड पक्का झाल्याची हीच खूण आम्ही मानणार आहोत.

दाणे साच्यात घालण्यापूर्वी त्यांना काही दिवस उघड्यावर मुरू द्यावे लागते, म्हणजे कोशांत हवा शिरते आणि वाफेत तीच हवा प्रसरण पावून दाण्यांना एकमेकांवर दाबते. ताजे दाणे वापरले तर मध्ये फटी राहतात.

14 जून

दाबाखालचा कायमचा चपटेपणा मोजला. तुकडे 25 टक्के दाबून, 50 अंशांच्या भट्टीत 22 तास ठेवून, सोडल्यानंतर अर्ध्या तासाने जाडी घेतली. प्रमाणित चाचण्यांत रबरासाठी बहुधा 70 अंश धरतात. आम्ही 50 घेतले, कारण मे महिन्यात दुपारी रस्त्यावर चालणाऱ्या चपलेची स्थिती त्याच्या अधिक जवळ आहे. बाजारातले एमसीआर आणि आमचा दाण्यांचा फोम शेजारी ठेवले तेव्हा फरक मोजपट्टीशिवायही दिसत होता. एमसीआरवर दाबपट्टीचा ठसा तसाच राहिला, टीपीयू जवळजवळ पूर्ण उठले.

मात्र आमचा फोम 15 शोअरपेक्षा स्पष्टपणे कडक आहे. काकांनी अंगठ्याने दाबून पाहिले आणि म्हणाले, "उठतंय चांगलं की ओ, पण पहिल्यांदा हाडाला लागतंय." त्यांचा अंगठा बरोबर होता. मधुमेही पायांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात पादत्राणाच्या आत तळपायावरचा सर्वोच्च दाब 200 किलोपास्कलच्या खाली ठेवण्याचे लक्ष्य आहे, आणि हा दाब हाडांच्या टोकांखालीच सर्वांत जास्त असतो. तिथे सुरुवातीचे काही मिलिमीटर अतिशय मऊ असावे लागतात.

28 जून

पायांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांशी चर्चा करून रचना बदलली. वर तीन ते चार मिलिमीटरचे 15 शोअरचे एमसीआर, खाली सहा मिलिमीटरचा दाण्यांचा फोम. वरचा थर हाडाभोवती बसेल. तो चपटा झाला तरी खालचा थर दाब घेत राहील, आणि वरचा थर सोलून बदलता येईल अशा रीतीने फक्त कडेने चिकटवायचा. डॉक्टरांनी एक अट घातली आहे, आणि ती आम्ही जशीच्या तशी स्वीकारली: 10 ग्रॅमच्या मोनोफिलामेंटचा (संवेदना तपासायच्या नायलॉनच्या धाग्याचा) स्पर्श ज्यांना तळपायावर कळतो, अशा स्वयंसेवकांनाच पहिले जोड द्यायचे. टोचले, घासले तर ते सांगू शकतील. ज्यांना कळत नाही त्यांच्या पायात हा तळ नंतर, दाबाची मोजणी हाती आल्यावर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच जाईल.

पुढच्या तुकडीसाठी ठरलेली मापे: टीपीयूचे दाणे साडेतीन मिलिमीटर, कार्बन डायऑक्साइड 50 बार, त्यावर नायट्रोजन 80 बारपर्यंत, टाकीचे पाणी 25 अंश, संपृक्तता एक रात्र, दाब सोडल्यापासून मिनिटाच्या आत गरम पाण्यात. खालच्या थराची कठिणता उतरवण्यासाठी 85 ऐवजी 75 शोअरचे दाणे मागवले आहेत. मऊ टीपीयू जास्त आकसण्याची शक्यता असल्याने नायट्रोजनचा वाटा वाढवावा लागेल. पात्राच्या नियोजित दाबात त्यासाठी अजून जागा आहे.